पत्र्याखालचे घर

एप्रिल-मे महिन्यांत शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखाद्या गावात दुपारी जाऊन पाहा. पत्र्याच्या घरात कोणी सापडणार नाही. म्हातारी माणसे लिंबाखाली बसलेली दिसतील. बाहेर पारा ४० अंशांच्या आसपास असतो. पत्रा तर त्याहून किती तरी जास्त तापतो. पंखा लावला, तरी अंगावर गरम वाराच येतो.

पूर्वी इकडे माळवदाची घरे होती. लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर. ही घरे उन्हाळ्यात थंड असत. पण छपराचा भार फार. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या अशाच घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. म्हणून ‘जुने तेच चांगले’ असे मी म्हणणार नाही.

मुलांनो, तुम्ही शीतगृह पाहिले आहे का? त्याच्या भिंती पातळ असतात. दोन पत्र्यांच्या मध्ये घट्ट झालेला फेस भरलेला असतो. याला ‘पफ पॅनेल’ म्हणतात. फेसातील बारीक पोकळ्यांमधून उष्णता सहज पुढे सरकत नाही. ५ सेंटिमीटर फेस जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला विटांची भिंत १ मीटरपेक्षा जाड लागेल! अमेरिकेत लाकडी फळ्यांमध्ये असाच फेस भरून आख्खी घरे उभारतात.

म्हणजे फळे आणि दूध यांना आपण उन्हापासून जपतो, आणि माणसांना मात्र उघड्या पत्र्याखाली ठेवतो. हे मला पटत नाही.

सगळे घर पॅनेलचे हवे, असे माझे म्हणणे नाही. भिंती विटांच्याच असू द्या. दुपारचे ऊन डोक्यावर असते, तेव्हा आधी छप्पर बदलावे. पॅनेल साध्या पत्र्यापेक्षा महाग पडते, हे खरे. पण पुढे कूलर येतो आणि विजेचे बिल दर महिन्याला येतच राहते! सरकारी घरकुलाच्या अनुदानात छपराचा हा जादा खर्च धरला पाहिजे.

एक धोका मात्र आहे. हा फेस पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. चुलीच्या खोलीवर असे छप्पर घालू नये. तिथे खनिज लोकर भरलेले पॅनेल घ्यावे. ती लोकर पेटत नाही. आणि गरम हवा बाहेर जायला भिंतीत वरच्या बाजूला झरोके ठेवायला गवंड्याला आधीच सांगावे.