‘औषध’ की विष?

जालना जिल्ह्यातील शेतकरी कपाशीवर फवारायच्या कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. शब्द जिव्हाळ्याचा खरा. परंतु त्यामुळे डब्यात विष आहे याचे भान हरपते. दुसरीकडे, जे झाडपाल्यापासून मिळते ते निरुपद्रवीच असणार, अशी भाबडी समजूत सुशिक्षितांत रुजली आहे. या दोन्ही समजुती सारख्याच घातक होत.

वस्तुत: पदार्थ निसर्गाने घडविला की कारखान्याने, यावरून त्याचे विषारीपण ठरत नाही. ते ठरते मुख्यत: मात्रेवर आणि तो शरीरात कोणत्या वाटेने शिरतो यावर. युक्तीने योजलेले विष उपकारक, तर अविचाराने घेतलेले औषध मारक ठरते, हा विचार चरकसंहितेत आहे. तंबाखूतील निकोटीन पूर्णत: नैसर्गिक, तरीही ते त्वचेतून शरीरात भिनते. ज्या कडुनिंबावरील पेटंट युरोपात २००५ मध्ये कायमचे रद्द होऊन भारतीय परंपरागत ज्ञानाचा विजय झाला, त्याचेही तेल तान्ह्या बाळाला पाजल्यास त्याच्या जिवावर बेतू शकते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील द्रव्ये मज्जासंस्थेच्या कामात बिघाड करतात. घाम व लाळ वाढते, डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात, श्वास कोंडतो. त्यावर उतारा म्हणून डॉक्टर देतात ते अ‍ॅट्रोपिन मुळात धोत्र्याच्या कुळातील वनस्पतींचे विषच होय! डॉक्टरांच्या हाती ते प्राण वाचविते. घरगुती प्रयोगात प्राण घेऊ शकते.

या अज्ञानाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी, मनाने केलेली द्रव्यांची मिश्रणे आणि उघडे अंग, हे चित्र जालन्याच्या शिवारालाही अपरिचित नाही.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिकोची स्थापना केली आणि जालना बियाण्यांच्या व्यवसायासाठी देशभर ओळखला जाऊ लागला. २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीने फवारणी घटण्याची आशा दाखविली. पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले आणि पंप पुन्हा पाठीवर आला. बियाणे जितक्या तत्परतेने बांधावर पोहोचते, तितक्याच तत्परतेने सुरक्षिततेचे ज्ञान का पोहोचू नये?

डब्यावरील लाल, पिवळ्या, निळ्या व हिरव्या त्रिकोणांचा अर्थ विक्रेत्याने समजावून द्यावा. मजुराला हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे देणे हे शेतमालकाने कर्तव्य मानावे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांनी हंगामापूर्वी गावोगावी प्रशिक्षण द्यावे, आणि ग्रामीण रुग्णालयांत अ‍ॅट्रोपिनचा पुरेसा साठा असावा. दुसऱ्याचे पीक वाचविण्यासाठी पाठीवर पंप घेणारा मजूर बहुधा भूमिहीन असतो. त्याचा जीव पिकाहून स्वस्त ठरू नये, याची जबाबदारी साऱ्या गावाची आहे.