शेजारच्या घराचा आकडा आपला नव्हे

आयर्लंडच्या केरी परगण्यात कासलआयलंड नावाचे छोटे गाव आहे. 2003 मध्ये त्याच्या परिसरातल्या एका घरात रेडॉन या किरणोत्सारी वायूचे प्रमाण दर घनमीटरला सुमारे 49,000 बेकरेल भरले. त्या देशात घरांसाठी 200 बेकरेलची मर्यादा मानतात. म्हणजे जवळपास अडीचशे पट! या वायूला रंग नाही, वास नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. त्यामुळे घरच्यांना शंका येण्याचेही कारण नव्हते.

त्यानंतर सरकारी किरणोत्सार संरक्षण संस्थेने आसपासच्या सुमारे 2,500 घरांना पत्रे धाडून तपासणी करून घ्यायला सांगितले. तपासणी करून घेतली ती चारशेच्या आसपास घरांनी. त्यातली साठेक घरे, म्हणजे सातांतले एक, मर्यादेच्या वर निघाली. उरलेल्या दोन हजारांवर घरांचे काय, हा प्रश्न आम्हाला त्या 49,000 पेक्षाही अधिक अस्वस्थ करतो.

जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम बनते आणि रेडियमपासून रेडॉन. उघड्यावर तो विरून जातो. पण थंडीत दारे-खिडक्या लावून ऊब धरलेले घर फरशीच्या भेगांतून, नळांच्या फटींतून जमिनीतली हवा वर ओढते. कासलआयलंडच्या पोटात भेगाळ चुनखडी आहे. गावाजवळची क्रॅग गुहा त्याच खडकातली. कोणत्या घराखाली कोणती भेग येईल याचा नेम नाही, त्यामुळे शेजाऱ्याचे प्रमाण कमी निघाले म्हणून आपण निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. या वायूपासून बनलेले किरणोत्सारी कण श्वासावाटे आत जाऊन फुप्फुसात बसतात. आयर्लंडमध्ये दरवर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे 350 रुग्ण रेडॉनशी जोडले जातात. धूम्रपान करणाऱ्यांना धोका कितीतरी जास्त.

आणि तपासणी म्हणजे काय? तळहातावर मावतील अशा प्लास्टिकच्या दोन डब्या. एक झोपायच्या खोलीत, एक बैठकीच्या खोलीत. तीन महिन्यांनी त्या टपालाने प्रयोगशाळेकडे पाठवायच्या. प्रमाण जास्त निघाले तर फरशीखाली खड्डा घेऊन नळी आणि पंख्याने तो वायू बाहेर काढतात. हे काम बहुधा एका दिवसात उरकते. जुलै 1998 पासूनच्या नव्या घरांत अशा खड्ड्याची सोय सक्तीची आहे. जुन्या घरांची मदार मात्र घरमालकाच्या मर्जीवर.

इथेच आमचा आक्षेप आहे. आकडा वर गेला तर घराची किंमत पडेल, खर्च अंगावर येईल, या धास्तीने माणूस चालढकल करतो, आणि ती धास्ती खोटी नाही. म्हणूनच नुसती पत्रे पाठवून सरकारची जबाबदारी संपत नाही. छोट्या गावात डॉक्टर आणि शाळा यांचे प्रत्येक घराशी नाते असते. डब्या त्यांच्या हातून दारोदार पोहोचवाव्यात. ज्यांची ऐपत नाही त्यांच्या दुरुस्तीचा भार सरकारने उचलावा. भाडेकरूला तर फरशी खोदायचा अधिकारही नसतो. तेव्हा भाडेकराराला मोजणीचा अहवाल जोडणे घरमालकावर बंधनकारक हवे.

नोकरीनिमित्त आयर्लंडला गेलेली मराठी कुटुंबे आता तिथे घरे घेत आहेत. त्यांनी सही करण्यापूर्वी हा अहवाल मागावा. तो नसेल तर डब्या मागवून घ्याव्यात आणि तीन महिने त्या जागच्या हलवू नयेत.