पाणी किती, यापेक्षा केव्हा

मोसंबी किंवा डाळिंबाच्या बागायतदाराला ‘ताण’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बहार धरायचा म्हणजे आधी बागेचे पाणी तोडायचे, पाने मलूल होऊन गळू लागेपर्यंत थांबायचे आणि मग पाणी सोडायचे. तहानलेले झाड एकदम आणि भरपूर फुलते. पण एकदा फळ धरले की हे शहाणपण बाजूला पडते. मग ठिबक रोज चालू, आणि ‘थोडे जास्तच बरे’ ही समजूत. सलाईन लावल्याशिवाय बरे वाटत नाही म्हणणाऱ्या रुग्णांसारखीच ही गत.

हा हिशेब बागेपुरता राहत नाही. बागेचे बोअर आणि गावाची पिण्याची विहीर बहुतेकदा एकाच खडकातले पाणी ओढतात. वरच्या, झिजलेल्या खडकातला साठा संपला की माणसे खोल जातात, आणि काही भागांत खोलवरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. लिटरला एक मिलिग्रॅम ही त्याची इष्ट मर्यादा. दुसरा स्रोतच नसेल तर दीड. त्याहून बरेच जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर आधी मुलांच्या दातांवर डाग दिसतात, मग मोठ्यांची हाडे आणि सांधे आखडतात. आखडलेला कणा पुन्हा मोकळा करणारे औषध नाही. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही.

बागेचे पाणी फळाला धक्का न लावता कमी करता येते का? येते, पण वेळ साधून. ऑस्ट्रेलियातल्या टाटुरा येथे १९७० आणि ८०च्या दशकांत पीच आणि पेअरच्या झाडांवर हे तपासले गेले. पीचचे फळ आधी झपाट्याने वाढते, आतली कोय कठीण होताना जवळजवळ थबकते आणि काढणीआधी पुन्हा फुगते. मधल्या काळातले पाणी मुख्यतः नव्या फांद्यांच्या कामी येते. ते कमी केले तर फांद्या आटोक्यात राहतात, आणि शेवटी पुरेसे पाणी मिळाले की फळ कसर भरून काढते. कॅलिफोर्नियात पिस्त्याचे कवच कठीण होतानाचे आठवडे असेच सोसणारे निघाले. बदामाची बाहेरची साल उकलताना पाणी थोडे तोडले, तर साल कुजवणारा बुरशीजन्य रोगही कमी होतो. मात्र काढणीनंतर बदामाला तहानलेले ठेवले, तर शिक्षा पुढच्या वर्षी मिळते, फळधारणा घटते.

झाडाची तहान मोजताही येते. पान देठासह तोडून दाबपात्रात ठेवायचे, देठाचे टोक बाहेर. आतला दाब वाढवत न्यायचा आणि टोकावर पाणी कधी डोकावते ते पाहायचे. जितका दाब जास्त लागेल तितके झाड तहानलेले. झाडाचा रक्तदाबच म्हणा! १९६५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध करणाऱ्या चमूचे प्रमुख पेर शोलांडर हे वैद्यकीय पदवीधर होते, हा योगायोग गमतीचा आहे.

परदेशी वेळापत्रक इथे जसेच्या तसे चालणार नाही. पाणी कमीजास्त झाले की डाळिंब तडकते. मुरमाड जमिनीत झाडाला ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत आठवडे जातात. म्हणूनच मोसंबी, संत्रे, डाळिंब यांचा सोसणारा काळ कोणता, हे जमिनीनुसार ठरवून तालुक्यातालुक्यात सांगणारे कुणीतरी हवे. सरकारी अनुदान मात्र प्रामुख्याने नळ्यांना मिळते. ठिबक हवेच, पण त्यातून वाचलेले पाणी अनेकदा शेजारच्या नव्या एकराला जाते आणि विहीर होती तिथेच राहते. शेतीसाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींना राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने मनाई केली आहे, पण बोअरची गाडी बोलावताना ती कोण आठवतो?

ठिबकच्या अनुदानासोबत त्या पिकाचे पाणी केव्हा निम्मे करायचे याचा कागद देता येईल. तो भिंतीवर लावावा, आणि शेजारी गावच्या विहिरीची दर महिन्याची पातळी लिहावी. फ्लोराइडची तपासणी तर दरवर्षी उन्हाळ्यात, पाणी सर्वांत खाली गेलेले असताना व्हायला हवी.