महागडी केबल की योग्य केबल? घरच्या स्टुडिओचा पहिला धडा



घरच्या घरी पॉडकास्ट, व्हॉइस ओव्हर किंवा गाण्याचं रेकॉर्डिंग सुरू करणारे बरेच जण दुकानात येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "सर, बॅलन्स्ड केबलच चांगली ना?" माझं मत स्पष्ट आहे. केबल चांगली-वाईट नंतर. आधी ती त्या जागेला योग्य आहे का, ते बघा. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलोय.

दुकान नवीन होतं तेव्हा एका ताईंना मी एक स्पीकर आणि आमच्याकडची सगळ्यात भारी बॅलन्स्ड केबल दिली. एक टोक लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमध्ये, दुसरं स्पीकरमध्ये. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "दादा, हेडफोनवर माझा आवाज येतो, स्पीकरवर येतच नाही!" संध्याकाळी त्यांना क्लायंटला काम द्यायचं होतं आणि त्या स्पीकर परत करायला निघाल्या होत्या. स्पीकर एकदम ठीक होता. चूक माझी होती.

झालं काय? बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नलच्या दोन तारा असतात आणि त्यांच्यावर शील्ड. साधारणपणे एकच आवाज दोन तारांवरून एकमेकांच्या उलट जातो. वाटेत चार्जरची, वायरिंगची गुणगुण दोन्ही तारांना सारखीच चिकटते. पुढचं यंत्र दोन तारांमधला फरक घेतं, म्हणून सारखी असलेली गुणगुण वजा होते आणि आवाज उरतो. अनबॅलन्स्डमध्ये सिग्नलची तार एकच, शील्ड हीच परतीची वाट. म्हणजे बॅलन्स्डचा पूर्ण फायदा दोन्ही टोकांची यंत्रं बॅलन्स्ड असतील तरच.

लॅपटॉपचं हेडफोन सॉकेट तसं नसतं. तिथे दोन तारांवर डावा आणि उजवा आवाज असतो. ताईंचं बोलणं दोन्हीकडे सारखंच होतं. स्पीकरने ते गुणगुणीसारखंच वजा करून टाकलं! डावा-उजवा वेगळा करणारी साधी, स्वस्त केबल दिली, फरकाचे पैसे परत केले, काम झालं.

मग तुम्ही काय घ्यायचं?

१. एक्सएलआर माइक ते इंटरफेस: बॅलन्स्डच. माइकचा सिग्नल खूप बारीक असतो. शिवाय कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर याच केबलमधून जाते.

२. इंटरफेस ते स्टुडिओ मॉनिटर: दोन्हीकडे बॅलन्स्ड सॉकेट असेल तर बॅलन्स्ड घ्या.

३. इलेक्ट्रिक गिटार ते इंटरफेस: साधी, एका काळ्या रिंगची गिटार केबल. गिटारचं आउटपुटच अनबॅलन्स्ड असतं. लांबी मात्र गरजेपुरतीच ठेवा.

४. यूएसबी माइक: हा प्रश्नच येत नाही. आवाज माइकमध्येच डिजिटल होतो.

एक लक्षात ठेवा, मोठ्या पिनवर दोन काळ्या रिंग दिसल्या म्हणजे ती बॅलन्स्डच वापरली जाईल असं नाही. स्टुडिओ हेडफोनची मोठी पिनही अगदी तशीच दिसते.

काही जण म्हणतात, "घ्यायचीच आहे तर भारी घेऊ, पुढे कामाला येईल." मला हे पटत नाही. सुरुवातीच्या भांडवलातला प्रत्येक रुपया आजच्या अडचणीवर लागला पाहिजे. पंख्याचा आवाज आणि रिकाम्या खोलीचा घुमारा माइकमधूनच आत येतो, तो कुठलीही केबल काढू शकत नाही. त्यापेक्षा पंखा बंद करा, जाड पडदे लावा, भिंतीला दोन गोधड्या टांगा आणि उरलेल्या पैशात एक बरा माइक स्टँड घ्या.

आणि तुम्हीही उद्या दुकान टाकणार असाल, तर ग्राहकाला किंमत सांगण्याआधी विचारा, "दोन्ही टोकांना काय जोडणार आहात?" या प्रश्नामुळे कधीकधी विक्री छोटी होते, पण माल परत येत नाही आणि ग्राहक परत येतो.

आज घरी जा, आपल्या यंत्रांच्या मागचे सॉकेट बघा, मोबाईलवर फोटो काढा. केबल घ्यायला जाताना तो फोटो दाखवा.