आठवड्याचे १० तास

आमच्या स्नेह्यांच्या मुलीला दोन प्रवेश मिळाले आहेत: एक राज्याच्या विद्यापीठात, दुसरा लहान कॉलेजात 'बॉनर' शिष्यवृत्तीसह. १९९० साली बेरिया कॉलेजात सुरू झालेल्या या योजनेत आठवड्याला १० तास समाजसेवा करावी लागते. "मग अभ्यास कधी करायचा?" ही आईवडिलांची काळजी. पण पुष्कळ मुले तेवढेच तास कॉलेजच्या खाणावळीत किंवा ग्रंथालयात नोकरी करतातच! म्हणून आधी अनुदान वजा करून दोन्हीकडचा चार वर्षांचा खर्च मांडावा. कर्जाला मदत समजू नये. सेवा मध्येच सोडली तर पैशाचे काय, हे लेखी विचारावे. आणि १ मेपूर्वी मुलीचे मन जाणून घ्यावे. हे तास शेवटी तिचेच जाणार आहेत.