कल मुलाचा, कौल कोणाचा?

दहावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतून घरोघर एकच प्रश्न ऐकू येतो: पोराला आता कशात घालावे? शहरातल्या पांढरपेशाच्या घरी हा प्रश्न असा एकाएकी उभा राहत नाही. तेथे मामा डॉक्टर असतो, चुलता इंजिनिअर असतो, शेजारी वकील राहतो. मूल जेवता-जेवता जे ऐकते तेच त्याचे मार्गदर्शन. आमच्या कुणब्याच्या, सुताराच्या, कुंभाराच्या घरी जेवताना बोलणे होते ते पावसाचे, सोयाबीनच्या भावाचे आणि सोसायटीच्या हप्त्याचे. त्यामुळे ज्या गोष्टीचा विचार दुसरीकडे दहा वर्षे चालतो, तिचा निवाडा आमच्याकडे आठ दिवसांत करावा लागतो. आणि तो बहुधा असा होतो की, गावातला एखादा पोरगा जिकडे गेला तिकडेच आपलाही लोटून द्यावा.

सरकारला ही उणीव दिसली नाही असे म्हणता येणार नाही. २०१६ सालापासून काही वर्षे राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. शेती, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे ठरविली, मुलांस आवडीनिवडीचे प्रश्न विचारले आणि कोणाचा कल कोणीकडे हे ज्याचे त्यास कळविले. पुढे २२ मे २०२० रोजी, टाळेबंदी चालू असताना, शालेय शिक्षण खात्याने युनिसेफच्या साह्याने महाकरिअर पोर्टल काढले. नववी ते बारावीच्या मुलाने आपला सरल क्रमांक घालावा आणि शेकडो धंदे, कॉलेजे, प्रवेश परीक्षा व शिष्यवृत्त्या यांची माहिती पाहावी, अशी ती योजना. २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही साऱ्या राज्यात संगणकावरून होऊ लागला. म्हणजे आधी कल यंत्राने सांगितला, मग वाट यंत्राने दाखविली, आणि आता दारही यंत्रच उघडते.

आम्ही यंत्राचे वैरी नव्हे. उलट यंत्राचा एक मोठा गुण आम्ही प्रथम कबूल करतो: ते जात विचारून माहिती देत नाही. निजामी अमलात या मुलखातला कारभार उर्दूतून चाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा मुलूख मुक्त झाला, तोपर्यंत येथील कुणब्याच्या पोराला सरकारी नोकरीची वार्ता कळायची ती दुसऱ्याच्या तोंडून, आणि दुसरा सांगेल तेवढीच. आज तीच वार्ता पोराच्या तळहातावर येते. महाज्योतीने इतर मागासवर्गाच्या मुलांना वैद्यकीय व इंजिनिअरिंगच्या परीक्षांच्या तयारीसाठी टॅब दिले, वर रोजचे सहा जीबी इंटरनेट दिले. ही लहान गोष्ट नव्हे. आता तर प्रश्न घातला की माणसासारखे उत्तर देणारी बुद्धिमान यंत्रेही मोबाईलमध्ये आली आहेत. परंतु ज्याला विचारावे काय हेच ठाऊक नाही, त्याला उत्तर देणारे यंत्र किती पुरे पडणार? आमचे दुखणे तेथेच आहे.

कल म्हणजे काय याचा थोडा विचार करू. कल म्हणजे उतार. पाणी उताराकडे धावते, त्यात पाण्याचा गुण थोडा आणि जमिनीचा जास्त. मुलाचा कलही असाच. तो पोटातून येत नाही, डोळ्यांतून येतो. ज्या पोराने सरकारी माणूस म्हणून पाहिला तो फौजदार आणि एस.टी.चा कंडक्टर, त्याचे मन गणवेशाकडे जाणारच. ज्याने प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहिली नाही त्याचा कल शास्त्राकडे नाही असे कागदावर छापणे म्हणजे, ज्याने आंबा कधी चाखला नाही त्याला आंबा आवडत नाही असे ठरविण्यासारखे आहे.

आमच्या जिल्ह्याचीच गोष्ट घ्या. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो नावाची वेधशाळा व्हावयाची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांतील हवा जवळजवळ सगळी काढून टाकलेली, आणि त्यांतून धावणारा लेसरचा किरण. फार दूर आकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली तर त्याचा जो अतिसूक्ष्म हादरा पृथ्वीपर्यंत पोहोचतो तो मोजण्याचे हे काम. असा हादरा प्रथम सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी टिपला. अशा कामाला भौतिकशास्त्राचे पंडित लागतात, तसेच वेल्डर, फिटर, वीजतंत्री आणि संगणकाचे जाणकारही लागतात. आता सांगा, सेनगाव-कळमनुरीच्या किती मुलांच्या कलात ही वेधशाळा आली असेल? ज्यांच्या शिवाराजवळ ती उभी राहायची, त्यांच्या पोरांनी कुंपणाबाहेर चहाची टपरी टाकावी आणि आतली सारी कामे परमुलखातल्यांनी करावीत, असेच जर व्हायचे असेल तर आकाशातला हादरा मोजला काय आणि न मोजला काय, आमच्या घरात तो पोहोचणार नाही.

तीच कथा हळदीची. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद लावणे, काढणे, शिजविणे, वाळविणे ही मेहनत आमच्या घरात. तिच्यातला कुर्क्युमिन तपासणे, दळून नाव घालणे आणि परदेशी पाठविणे हा नफा दुसऱ्याच्या घरात. पोराचा कल शेतीकडे आहे असे चाचणीत निघाले तर तो समजतो, बापाच्या हातचे खुरपे आता माझ्या हातात आले. बी-बियाण्याचे संशोधन, मातीची परीक्षा, मालाचा व्यापार, अवजारांचे कारखाने, हीही शेतीच आहे, हे त्याला कोणी समजावून सांगावे?

म्हणून आमचा मुख्य मुद्दा असा की, कल हा जातीचा नवा दाखला होता कामा नये. ही भीती पोकळ नाही. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी अशी योजना काढिली की, मुलांनी थोडा वेळ शाळेत शिकावे आणि उरलेला वेळ आईबापांचा धंदा शिकावा. वरून पाहता किती गोड! श्रमाची प्रतिष्ठा, हाताला कसब, बापाला मदत. परंतु पेरियार यांनी व तेथील ब्राह्मणेतर जनतेने तिचे मर्म ओळखले. कुंभाराने कुंभारच राहावे आणि परटाने परीटच, हा जुना कायदा शाळेच्या वेळापत्रकातून परत येत होता. जनतेने रान उठविले आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री होताच ती योजना रद्द झाली. तेथे हे काम सरकारी हुकमाने व्हावयाचे होते म्हणून लोकांना ते दिसले. तेच काम यंत्राने आवडीच्या नावाखाली केले तर कोणाला दिसणार? हुकमाविरुद्ध मोर्चा निघतो. पोराच्या स्वतःच्या कलाविरुद्ध मोर्चा कोण काढणार?

आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठरविले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशांजवळ बसून काम शिकावे असे त्यात म्हटले आहे. आमच्या सुतार-कुंभार बंधूंना गुरूचा मान मिळतो याचा आम्हांस आनंदच आहे. मात्र कुंभाराच्या पोराला पुन्हा कुंभाराच्याच चाकाजवळ बसविले तर त्याला नवे काय दिसले? या दहा दिवसांत उलटापालट झाली पाहिजे. मामलेदाराच्या, व्यापाऱ्याच्या मुलाने भात्याजवळ बसून घाम गाळावा. आणि लोहाराच्या पोराने कोर्ट पाहावे, बँकेचे आतले काम पाहावे, दवाखान्याची प्रयोगशाळा पाहावी, वसमतचे हळद संशोधन केंद्र पाहावे. असे झाले तरच दोघांचाही कल खरा कळेल.

दुसरी गोष्ट यंत्राजवळ बसणाऱ्या माणसाची. घरात मोबाईल एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप कोयता घेऊन ऊसतोडीला परजिल्ह्यात. अर्जाचा गुप्त अंक त्या मोबाईलवर यायचा आणि तो दहा मिनिटांत भरायचा. २०२५ साली अकरावीच्या नोंदणीचे संकेतस्थळ २१ मे रोजी पहिल्याच दिवशी कोलमडले आणि नोंदणी २६ मेपासून पुन्हा सुरू करावी लागली. शहरातला बाप घरी बसून दुसऱ्या दिवशी पुन्हा बटण दाबतो. आमचा बाप मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून तालुक्याच्या सेतू केंद्रावर पुन्हा रांग धरतो. आणि सेतूवाला जो पसंतिक्रम भरून देईल तोच पोराचा जन्माचा कौल ठरतो! मार्गदर्शक म्हणून शाळामास्तर आहेत, असे वरचे लोक सांगतील. त्या मास्तरांना मतदारयाद्या, पोषण आहाराचा हिशेब आणि रोजची माहिती वर पाठविणे यांतून फुरसत काढून द्यावी, मग त्यांच्याकडे बोट दाखवावे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली शिक्षण आयोगापुढे निवेदन केले. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास ज्याला लाज वाटणार नाही असा मास्तर खेड्यात असावा, असे त्यांचे मागणे होते. शाहू महाराजांनी आमच्या मुलांना धंद्यांची यादी वाचून दाखविली नाही; वसतिगृहे बांधली, १९०२ साली नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून दिल्या. भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका म्हणून सांगितले, ते भाकरीची सोय करूनच. वाट दाखविणाराने शिदोरीही बांधून द्यावी, ही आमच्या चळवळीची रीत आहे.

यास्तव सरकारकडे आमची मागणी तीन गोष्टींची आहे. प्रत्येक शाळेला मार्गदर्शक देण्यास पैसा नाही असे उत्तर येईल हे जाणून आम्ही दर केंद्राला एकच मागतो: दुसऱ्या सर्व कामांतून मोकळा, या कामाचे शिक्षण घेतलेला, आठवड्यातून ठरल्या वारी प्रत्येक शाळेत येणारा, संगणक जवळ असलेला आणि आईबापांशी त्यांच्या भाषेत बोलणारा. दुसरी गोष्ट, चाचणी सातवी-आठवीपासून मुलांना निरनिराळी कामे दाखविल्यानंतर घ्यावी आणि तिचा निकाल सल्ला म्हणून द्यावा, शिक्का म्हणून नव्हे. तिसरी, प्रत्येक धंद्याच्या नावापुढे खर्च किती, राहण्याची सोय कोठे आणि कोणती शिष्यवृत्ती केव्हा मिळते हे मराठीत लिहिलेले असावे.

आणि बंधुभगिनींनो, सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातचे आपण आजच करावे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर हे कागद पोर नववीत असतानाच काढून ठेवा. मे-जून महिन्यांत अर्जाचा मोबाईल घरी राहू द्या. मुलीला शिकवायला पैसा नाही असे म्हणण्यापूर्वी चौकशी करा: इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना सरकारी प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी २०२४-२५ पासून लागू झाली आहे. सेतूवर अर्ज भरताना पोराला शेजारी उभे करा आणि पसंतिक्रम त्याच्या तोंडून वदवून घ्या. गावातून जो कोणी शिकून बाहेर गेला असेल, त्याला जत्रेला आल्यावर शाळेत बोलवा आणि त्याच्या कामाची हकिकत मुलांना ऐकवा.

यंत्र हे चांगले गाडे आहे. परंतु गाड्यात कोणी बसावे आणि ते कोठे न्यावे हे जोवर दुसरेच ठरवितात, तोवर आमची पोरे चाकाला वंगण घालीतच राहतील. पोराचा कल विचारायचा असेल तर आधी त्याला सारे शिवार हिंडवून दाखवा, आणि कौल मग त्यालाच देऊ द्या.