कॅमेरा घ्यावा तो कसा?



गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ देवाघरी गेले. महिन्याच्या मिस्सेनंतर त्यांच्या पत्नी आमच्याकडे आल्या. दोन वर्षांपूर्वी उभयतांच्या विवाहाचा सुवर्णमहोत्सव देवळात साजरा झाला होता. त्या वेळी वेदीपुढे काढलेला फोटो मोठा करून मिळावा, एवढेच त्यांचे मागणे. दोघांचा एकत्र असा तेवढाच फोटो. आम्ही तो मोठा करून आणविला. आजीबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला आणि हळूच म्हणाल्या, "फादर, ह्यांचा चेहरा काही ओळखू येत नाही हो."

दोष फोटो काढणाऱ्या तरुणाचा नव्हता, आमचाच होता. तो कॅमेरा आम्ही निवडला होता, आणि निवडताना खोक्यावरील झूमचा आकडा तेवढा पाहिला होता. आता तो कॅमेराही थकला आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात असेच एखादे जुने यंत्र असेल. म्हणून आम्ही जे उशिरा शिकलो ते येथे मांडतो.

कॅमेरा प्रथम उजेडासाठी पारखावा. लहान आणि लांब झूमच्या बहुतेक कॅमेऱ्यांतील प्रकाश टिपणारा सेन्सर सुमारे 6.2 × 4.6 मि.मी., म्हणजे तुरीच्या दाण्याएवढाच असतो. 'एक इंची' म्हणतात तो सेन्सर प्रत्यक्षात 13.2 × 8.8 मि.मी. असतो, परंतु त्याचे क्षेत्र पहिल्याच्या चौपट भरते. शिवाय लांब झूमचे भिंग जसे पुढे सरकते तसा त्याचा उजेड कमी होतो. 2015 साली निघालेल्या निकॉन पी 900 चा झूम 83 पट; पण भिंगाच्या मुखाचा आकडा एफ 2.8 वरून शेवटी एफ 6.5 वर जातो, म्हणजे उजेड पाचव्या हिश्शाहूनही कमी. भर उन्हात तळ्यावरचा बगळा टिपण्यास ते पुरेसे आहे. देवळातील मंद प्रकाशात मात्र चित्रावर रवा उठतो, आणि तो पुसताना यंत्र चेहऱ्याच्या रेषाही पुसून टाकते.

मग झूम किती हवा? गायकांच्या सज्जापासून वेदी 20 मीटर धरली आणि उभे जोडपे दोन मीटर उंचीच्या चौकटीत बसवावयाचे असले, तर जुन्या 35 मि.मी. फिल्मच्या मापाने 240 मि.मी. पुरतात, साधारण दहा पट. तेवढा झूम असावाच, म्हणजे फोटो काढणारा मिस्सेच्या वेळी वेदीपाशी घुटमळणार नाही. 2014 सालच्या पॅनासॉनिक एफझेड 1000 मध्ये एक इंची सेन्सर, 25 ते 400 मि.मी. भिंग आणि शेवटीही एफ 4 एवढा उजेड आहे. असा जुना पण नीट राखलेला कॅमेरा मिळाला, तर तो मोठ्या आकड्याच्या नव्या यंत्राहून देवळास अधिक उपयोगी. घरगुती बाप्तिस्म्यास, जेथे बाळ हाताच्या अंतरावर असते, तेथे चांगला मोबाईलही पुरे. वेगळ्या खर्चाची गरज नाही.

जुना घेताना भिंग पूर्ण पुढे-मागे करून पाहावे, आत बुरशीचे जाळे नाही ना ते उजेडात निरखावे आणि त्या मापाची बॅटरी आजही मिळते का, हे विचारावे. शक्य असेल तर संध्याकाळी देवळातच फोटो काढून, चेहरा मोठा करून पाहावा. पावसाळ्यात कॅमेरा चामडी पिशवीत कोंडू नये. घट्ट डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावा.

आणि चांगला आलेला फोटो लगेच कागदावर छापून घरी द्यावा. माणसे आपल्यात आहेत तोवरच हे करावयाचे असते. आजीबाईंनी तो अंधुक फोटोच चौकटीत बसविला आहे. त्यांच्या ओट्यावरून जाताना आम्हांस अजूनही मान खाली घालावी लागते.